शर्टाच्या मापाची भट्टी

२ फेब्रुवारी

दादा,

‘पत्र लिहिण्यास कारण की’ अशी सुरुवात करायला शाळेत शिकवायचे. तर कारण हे, की तू फोन उचलत नाहीस. मागच्या सगळ्या मेसेजना मिळून तू एक अंगठा पाठवलास. त्या अंगठ्याचा अर्थ ‘हो’ असा की ‘वाचलं, आता गप्प बस’ असा, हे मला अजून कळलेलं नाही. कागदावर निदान तुला अंगठा पाठवता येणार नाही.

बाबांनी काम घेतलंय. ओरडू नकोस, माझं ओरडून झालंय. आईचंही झालंय. शेजारच्यांनीही हात धुऊन घेतले. चौकापलीकडच्या बेकरीत आजोबांनी बांधलेली भट्टी होती ना, तिचा घुमट मागच्या महिन्यात खाली बसला. आत पाव होते. बेकरीवाल्या काकू म्हणाल्या, ‘भट्टी गेली त्याचं काही नाही, पाव गेले त्याचं वाईट वाटतं.’ मग बाबांकडे बघून म्हणाल्या, ‘खोटं बोलले. भट्टीचंच वाटतं.’ एवढ्यावर बाबा विरघळले आणि ‘नवी बांधून देतो’ म्हणून आले. काकूंनी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल केलंय. तोवर भट्टी उभी राहिली नाही तर त्या पोलादाची तयार भट्टी आणणार. त्यांचं चुकतंय असं मला म्हणता येत नाही. त्यांच्या कामगारांनी घरी बसून काय करायचं?

तुझ्या पोलादी भट्ट्यांच्या कंपनीचं रंगीत माहितीपत्रक त्यांच्या काउंटरवर पडलेलं मी पाहिलं. खाली नंबर तुझा. बाबांनीही पाहिला. मग त्यावर चहाचा कप ठेवला. घरी आल्यावर आईला म्हणाले, ‘पत्रेवाल्याचा धंदा बरा चाललेला दिसतो.’ तुझं नाव घरात आता हेच आहे.

आता तुला ठाऊक असलेलं तुलाच सांगते, कारण तू विसरल्यासारखा वागतोस. आपण घुमटाखाली लाकडी साचा लावत नाही. विटांची एकेक फेरी आत झुकवत नेतो, आणि फेरी पूर्ण झाली की ती स्वतःला धरून बसते. रचणारा आत बसतो, कारण बाहेरून रचलेल्या घुमटाला आतल्या बाजूने दात राहतात, ते झिजतात आणि पावावर माती पडते. वरचं भोक लहान लहान होत जातं, शेवटची वीटही आतूनच बसते, आणि मग आतला माणूस भट्टीच्या तोंडातून सरपटत बाहेर येतो. तोंड मोठं ठेवलं तर उष्णता पळते, म्हणून ते आत बसणाऱ्याच्या खांद्यांएवढंच ठेवायचं. आधी आजोबांच्या, मग बाबांच्या, मग तुझ्या.

बाबांचे गुडघे गेलेत आणि पोट आलंय. तू घरी आला असतास तर पाहिलं असतंस.

‘मी बसते,’ मी म्हटलं.

‘कुठे?’

‘आत.’

‘तू खुर्चीवर बस. त्यासाठी शिकवलंय.’

झालं. दादा, मी घरातली पहिली पदवीधर आहे हे मला रोज कोणीतरी सांगतंच. माझं प्रमाणपत्र भिंतीवर लावलंय आणि आई त्याची काच रोज पुसते. मी बाबांना म्हटलं, तीन पिढ्या हातांनी जपलेलं हे ज्ञान आहे, असं वाऱ्यावर सोडायचं का? ते म्हणाले, ‘जपायचंय ना, मग कागदावर उतरव. तुला येतं.’ मी उतरवलं. प्रत्येक फेरीचा कोन मोजून आकृत्या काढल्या. त्यांना आवडल्या. काकूंना नेऊन दाखवल्या, ‘मुलीने काढल्या’ म्हणून. पण काकूंचे पाव काही आकृतीत भाजले जाणार नाहीत! घरामागे जुन्या विटांची लहानशी भट्टी मी स्वतः रचून दाखवली. बाबा वाकून बघून म्हणाले, ‘मांजराला बरी आहे.’ चूक दाखवा म्हटलं तर चूक सापडेना, म्हणून मांजर.

तू ये. दोन दिवस ये. बाबांशी बोलू नकोस हवं तर, माझ्याशीही बोलू नकोस. आत जा, घुमट बंद कर, बाहेर ये आणि परत जा पत्रे विकायला. ही भट्टी झाली नाही तर बाबा पुढचं काम घेणार नाहीत, मी त्यांना ओळखते. मग आपल्या घरातलं हे काम संपलं म्हणून समज.

तुझी बहीण


११ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. ‘आत कोण बसणार आहे?’ मी पानं भरभरून लिहिलं त्यावर चार शब्द, तेही माझाच प्रश्न मला परत! अरे बाबा, हाच तर घोळ आहे. तो सुटला असता तर मी तुझ्या विनवण्या कशाला केल्या असत्या? कसा आहेस, येतोस की नाही, आईची तब्येत कशी, काही म्हणून नाही.

आईची तब्येत उत्तम आहे. ती माती तुडवतेय. बेकरीच्या मागच्या पडवीत चिकण माती, वाळू आणि भुसा घालून रोज सकाळी पायांनी मळते, आणि बाबा बोटाने चाचपून ‘अजून’ म्हणतात. काकूंनी एकदा विचारलं, ‘तुम्ही पण मिस्त्रीच का?’ आई म्हणाली, ‘छे, मी नुसती तुडवते.’ इतकी वर्षं ती नुसती तुडवतेय. माझा जीव असा तळमळतो ना कधी कधी!

ओटा झाला. तळाच्या विटा इतक्या सपाट बसल्यात की काकूंनी त्यावरून हात फिरवला आणि फिरवतच राहिल्या. बाबा उभ्याने करायचं ते सगळं अजून झकास करतात. खाली बसले की मात्र उठताना ‘आई गं’ म्हणतात आणि आई पडवीतून ‘काय?’ म्हणून ओरडते.

पण मी लिहितेय ते कालच्या प्रकाराबद्दल. काल तोंड रचायचं होतं. मी टेप घेऊन उभी. बाबांनी पिशवीतून एक शर्ट काढला. निळ्या चौकड्यांचा, तुझा. ओट्यावर पसरला, सुरकुत्या हाताने काढल्या, आणि दोन खांद्यांच्या दोन शिवणींपाशी एकेक वीट ठेवली.

‘बाबा, हा दादाचा शर्ट आहे.’

‘मला डोळे आहेत.’

‘दादा येणार आहे का?’

‘मी कुठे म्हटलं?’

‘मग आत कोण बसणार?’

‘मी.’

‘आणि या तोंडातून बाहेर येणार?’

‘खांदा तिरका केला की येतो माणूस.’

दादा, खांदा तिरका होतो. पोट तिरकं कसं करणार? मी टेप लावून दोन्ही मापं दाखवली, त्यांच्या पोटाचंही घ्यायला गेले तर माझ्या हातावर चापट मारली. म्हणाले, ‘रुंद तोंडाची भट्टी माझ्या बापाने बांधली नाही, मीही बांधणार नाही.’ मी म्हटलं, मग माझ्या खांद्यांचं माप घ्या. तर ऐकलंच नाही असं दाखवून आईला माती मागितली. तोंडाची कमान संध्याकाळपर्यंत उभी राहिली, तुझ्या शर्टाएवढी, एका बोटानेही जास्त नाही.

ते तोंडाने ‘ये’ म्हणणार नाहीत. त्यांनी ते विटांत म्हणून ठेवलंय. तू तिकडून अंगठे पाठवायचे, यांनी इकडे विटा लावायच्या, आणि सरळ शब्दांत बोलायचं काम तेवढं माझ्या गळ्यात. मी कंटाळले रे.

घुमट अठरा तारखेला बंद करायचा ठरलाय. त्याआधी पोच. जाड झाला असशील तर तसं कळव, म्हणजे तोंड पाडायला लावते.

तुझी बहीण


१८ फेब्रुवारी, संध्याकाळ

दादा,

तू आला नाहीस.

बाबा सकाळी लवकर बेकरीत जाऊन बसले होते. रस्त्याकडे तोंड करून. मी म्हटलं, ‘कोणाची वाट बघताय?’ तर म्हणाले, ‘उजेडाची.’ ऊन पार ओट्यावर आलं होतं! मग उठले, स्टुलावर चढले आणि खालच्या फेऱ्या झालेल्या घुमटाच्या वरच्या भोकातून आत उतरले. मी आडवी आले, काकू आडव्या आल्या. आईने तर थापीच लपवली. त्यांनी दुसरी काढली.

पुढचं तुला लिहू की नको असं झालंय, पण माझ्या पोटात राहणार नाही.

मी तोंडातून विटा देत होते, ते आत रचत होते. मस्त रचत होते, खोटं कशाला बोलू? आतून गुणगुणणं ऐकू येत होतं. दुपारपर्यंत भोक मिटलं. आतून आवाज आला, ‘झाली!’ काकूंनी टाळ्या वाजवल्या. कामगार पीठ झटकत जमा झाले. मग तोंडातून बाबांचा एक हात बाहेर आला, मग डोकं, मग एक खांदा, खरोखर तिरका. आणि मग काही नाही.

‘ओढू का?’ मी विचारलं.

‘नको. श्वास सोडतो.’

श्वास सोडला. तरी काही नाही. पुन्हा आत गेले, पाय आधी काढून पाहिले. पाय निघाले, बाकीचे बाबा आतच. पुन्हा आत.

‘चहा आहे का?’ आतून आवाज.

दादा, मी त्यांना तोंडातून चहा दिला. आतून भुरके मारल्याचा आवाज येत होता, घुमटामुळे मोठा होऊन. आई म्हणाली, ‘आता संसार आतच थाटा. पाव आयते मिळतील.’ काकू हसायचं नाही म्हणून पाठ फिरवून उभ्या राहिल्या, पण त्यांची पाठ हसत होती. मलाही हसू आलं असतं, पण रागाने माझ्या डोळ्यांत पाणी होतं. आठ दिवस हेच सांगत होते मी! हेच!

मी हातोडी उचलली, तोंडाची कमान फोडायला. आत इतकी आरडाओरड झाली की कामगार मागे सरले. कमान पाडली तर पुढची सगळी बाजू जाईल, हे मलाही माहीत आहे. मग काय, वरची माती ओली होती तोवर त्यांनी स्वतः लावलेल्या विटा स्वतःच काढल्या. एकेक वीट तोंडातून माझ्या हातात देत होते. पहिल्या काही विटांना मी ‘घेते’ म्हणत होते, मग नुसता हात पुढे करत गेले. वर माणूस निघेल एवढं भोक झाल्यावर दोन कामगारांनी त्यांना बगलेत धरून ओढून काढलं. डोक्यापासून पायापर्यंत माती. खाली उतरून पिठाच्या पोत्यावर बसले आणि हातांकडे बघत राहिले.

काकू जवळ आल्या. अगदी हळू म्हणाल्या, ‘मिस्त्री, ती पोलादवाली माणसं जागा बघायला येऊ का म्हणतायत. त्यांना परवा या म्हणू?’

बाबांनी मान हलवली. हो की नाही, ते कळेल अशी नाही, नुसतीच.

तेव्हा आई पडवीतून आली. पाय गुडघ्यांपर्यंत मातीचे. म्हणाली, ‘इतकी वर्षं माझे पाय चालले ना तुम्हाला? मग हिचे खांदे का चालत नाहीत?’

‘तिला ऑफिसात जायचंय.’

‘जाईल. भट्टी काय रोज बांधायचीय?’

‘हात खराब होतील.’

‘माझे आहेत,’ मी म्हटलं.

‘आपण एवढं केलं ते तिने मातीत बसावं म्हणून?’ हे ते आईला विचारत होते, मला नाही. मी समोर उभी असताना माझ्याबद्दल आईला विचारायचं, ही जुनीच रीत.

‘तिला काय हवं ते तिला कळावं म्हणून केलं,’ आई म्हणाली. ‘आणि तिला कळलंय. तुम्हालाच कळेना.’

मग बाबा उठले, ‘आई गं’ म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘परवा सकाळी. पोटभर खाऊन ये. आत गेल्यावर मध्येच बाहेर येता येत नाही.’

मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. मला वाटलं, हे एवढं सगळं करण्याची काय गरज होती? मी पहिल्या दिवशीच म्हटलं होतं ना?

तुझी बहीण


२० फेब्रुवारी

दादा,

भट्टी बंद झाली. मी केली.

उजव्या हाताचा तळवा सोलवटलाय, अक्षर चालवून घे.

सकाळी बाबांनी मला वरून आत सोडलं आणि स्वतः ओट्यावर तोंडासमोर आडवे झाले. तोंडातून मला त्यांचा फक्त चेहरा दिसत होता आणि विटा पुढे करणारा हात. पहिल्या फेरीपासून सुरू. ‘माती जास्त. वीट लावतेस की लोणी?’ ‘आधी टोक टेकव, मग दाब.’ ‘आकृतीत बघू नकोस, विटेत बघ.’ मी म्हटलं, आकृती इथे आहे कुठे? ते म्हणाले, ‘तुझ्या डोक्यात आहे, दिसतेय मला.’ खरं सांगू? डोक्यात होतीच, आणि कामाला येत होती. चौथ्या फेरीला मी मांडीवर विटा आधी जुळवून घेतल्या आणि मग वर लावल्या. असं बाबा करत नाहीत. ते नुसतेच बघत राहिले, बोलले नाहीत. मी ती शाबासकी समजले, कारण दुसरी कुठली मिळणार नव्हती.

मान दुखायला लागली. वरचं भोक बशीएवढं राहिलं. मग शेवटची वीट, चारही बाजूंनी घासून घेतलेली. ती वर सारली, दाबली, आणि वरचा उजेड गेला.

तू तिथे बसलायस, तुला हे सांगायला नको. पण मला कोणीच सांगितलं नव्हतं. ती वीट माती धरेपर्यंत तळव्याने तोलून धरायची असते हे माहीत होतं, काळोखात धरायची असते हे मला सुचलंच नव्हतं. तोंडाशी बाबा आडवे, त्यामुळे तिकडूनही उजेड नाही. स्वतःचा श्वास सगळीकडून परत येतो, जणू आत आणखी कोणीतरी बसलंय. मला एकदम वाटलं की वीट सोडावी, लाथ मारावी आणि बाहेर पडावं. हात वर होता आणि तो माझा वाटेना. आवाज काढायला गेले तर निघाला नाही.

‘सकाळी काय खाल्लंस?’ बाबा म्हणाले.

मला कळेना हे आत्ता काय. ‘अंडी.’

‘किती?’

‘दोन.’

‘आईने खाल्लं का काही?’

‘माहीत नाही.’

‘विचारत जा. ती सांगत नाही. तुझ्या त्या मुलाखतींत काय विचारतात?’

‘तुमच्यात चांगलं काय आहे, ते विचारतात.’

‘मग तू काय सांगतेस?’

‘काहीतरी सांगते.’

‘खोटं?’

‘थोडं.’

‘थोडं चालतं. काकूंच्या दुकानातला तो घाऱ्या डोळ्यांचा कामगार बघितलास? घोरतो कसा माहितीय?’ आणि त्यांनी घोरून दाखवलं, दादा. बाबांनी. तोंडाच्या कमानीत गाल टेकवून. सगळी भट्टी घोरली. मी हसले आणि हात पुन्हा माझा झाला.

मग म्हणाले, ‘तो आत होता तेव्हा मी बोललो नाही.’

‘कोण?’ मी म्हटलं, उगाच.

‘शेवटच्या भट्टीला. हाक मारली त्याने. दोनदा मारली. मी इथेच होतो. म्हटलं सवय व्हायला हवी, मुलगा आहे.’ मग मला म्हणाले, ‘तू घाई करू नकोस. धरून ठेव.’

मी धरून ठेवली. माती धरली तेव्हा त्यांनीच सांगितलं, ‘आता सोड.’ मी सरपटत बाहेर आले, तुझ्या शर्टाच्या मापातून, अलगद. आईने माझं तोंड पुसलं. काकूंनी पोलादवाल्यांना नको म्हणून कळवलं, तेव्हा तुझं एक गिऱ्हाईक मी खाल्लं. बाबांनी आत दिवा धरला, बराच वेळ डोकं घालून बसले, आणि बाहेर येऊन म्हणाले, ‘एक वीट तिरकी आहे.’ आहे. मला माहीत आहे कुठली. हात धुताना हेही कळलं की त्यांनी दुसऱ्या एका माणसाला ‘माझी मुलगी बसेल’ म्हणून शब्द देऊन टाकलाय. मला न विचारता! आणि तारीख नेमकी माझ्या मुलाखतीची. कालपर्यंत माझे हात खराब होत होते. यांच्यापुढे कपाळ तरी किती बडवून घ्यायचं?

आता ऐक. इतकी वर्षं घरात एकच गोष्ट सांगितली गेली, की तुला पोलादाच्या पगाराची भुरळ पडली. मीही तेच धरून चालले आणि तुला पत्रेवाला म्हणत राहिले. तू कधी दुसरं काही सांगितलं नाहीस. कसं सांगणार होतास, तेही मला आज आत बसल्यावर कळलं.

पण बाबा जे बोलले ते मला बोलले, तुला नाही. बाहेर आल्यावर मी म्हटलं, ‘हे दादाला सांगा.’ तर म्हणाले, ‘काय? कधी?’ आणि पोती मोजायला गेले. मी तुला लिहिते हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. म्हणून मी हे पोचवतेय, आणि हा माझ्याकडून शेवटचा निरोप. मी पदवीधर आहे, आजपासून अर्धी मिस्त्रीही आहे, पण तुम्हा दोघांची पोस्टमन मी यापुढे होणार नाही.

तू त्यांना फोन कर. मला नाही, त्यांना. ते उचलतील. उचलून काही बोलणार नाहीत, नुसता श्वास ऐकू येईल, आणि तुला वाटेल की झालं, पुन्हा तेच. तेव्हा ठेवून देऊ नकोस. त्यांना हाक मार. तिसऱ्यांदा मार.

तुझी बहीण